सोलापूरच्या सुट्टीत वजन कसं सांभाळायचं : माहेरच्या ताटापासून परतीच्या डब्यापर्यंत

मी पुण्यात राहते, माहेर सोलापूरचं. वर्षातून दोनदा जाणं होतंच : मे महिन्यात मुलांना घेऊन पंधरा दिवस आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला चार दिवस. काही वर्षांपूर्वी दीड वर्ष खपून मी नऊ किलो वजन उतरवलं. त्यानंतरच्या मे महिन्यात सोलापूरला जाताना बॅगेत ओट्सचं पाकीट आणि प्रोटीनची पावडर घेतली, घरच्या पंगतीत बसून वेगळं खायला लागले. आई काही बोलली नाही, पण तिसऱ्या दिवसापासून तिने माझं ताट मांडणंच सोडलं. पाचव्या दिवशी माझा धीर सुटला आणि पुढचे दहा दिवस मी हाताला लागेल ते खाल्लं. परत आल्यावर सोमवारी सकाळी काट्यावर तीन किलो जास्त दिसले. मन इतकं खचलं की दोन महिने चालणं बंद, खाण्याची नोंद बंद. त्या दोन महिन्यांत जे वजन वाढलं, ते उतरवायला दिवाळी उजाडली.

माझं नुकसान सुट्टीतल्या खाण्यानं फार केलं नव्हतं. परतल्यावर सगळं सोडून दिलं, त्यानं केलं. हे कळल्यापासून मी सोलापूरला ज्या पद्धतीने राहते, ती इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी काट्याचं गणित

एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. जास्तीच्या म्हणजे शरीराच्या रोजच्या गरजेच्या वर. चार दिवसांच्या यात्रेत दोन किलो चरबी वाढायची तर रोज गरजेपेक्षा ३,८५० कॅलरी अधिक पोटात जायला हव्यात. एवढं कुणी सहसा खात नाही. मग काट्यावर दोन किलो दिसतात कसे? बरंचसं ते पाणी असतं. आपण पिष्टमय पदार्थ जास्त खाल्ले की शरीर त्यातला काही भाग ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यावर चटणी, पापड, लोणचं आणि बाहेरच्या खाण्यातलं मीठ, तेही पाणी धरतं. शिवाय आतड्यात पडून असलेलं अन्न. हे सगळं नेहमीचं जेवण सुरू झालं की काही दिवसांत उतरतं.

म्हणून पहिली पायरी ही : सुट्टीत वजन कमी करायचं असं ठरवूच नका. आहे तिथे ठेवायचं एवढंच ठरवा. पंधरा दिवसांनी एखादा किलो इकडेतिकडे झाला तर तुम्ही ठरवलेलं पार पाडलंत.

निघायच्या सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजा. सोलापुरात काट्यावर उभं राहू नका, टेप मात्र बॅगेत असू द्या. भारतीय शरीरयष्टीत धोक्याची चरबी पोटावर आधी दिसते. बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. पाण्याचं वजन रोज वरखाली होतं, कंबर तेवढी फसवत नाही.

निघण्यापूर्वी तीन पदार्थ लिहून काढा

सुट्टीत मनापासून, पोटभर, हिशोब न करता खायचे तीनच पदार्थ कागदावर लिहा. माझी मे महिन्याची यादी : आईच्या हातची शेंगापोळी, आमरस, आणि मामीकडचं मटण. जानेवारीत आमरसाच्या जागी हुरडा येतो. जे पुण्यात, मुंबईत कोपऱ्यावर मिळतं ते या यादीत नको. वडापाव, पिझ्झा, आइस्क्रीमचा कोन, पाकिटातला फरसाण यांच्यासाठी सोलापूरला जायची गरज नाही. यादी केल्यावर नाही म्हणणं फार सोपं होतं, कारण होय कशाला म्हणायचं ते आधीच ठरलेलं असतं.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. पुण्याहून रेल्वेने जा की रस्त्याने, चार-पाच तासांची बैठक असते आणि त्यात तोंड सतत चालू राहतं. पोळीभाजीचा डबा, दोन काकड्या, मूठभर फुटाणे आणि पाण्याची मोठी बाटली घेतली की गाडीतलं तळण टळतं. स्वतःच्या गाडीने जात असाल तर टेंभुर्णीच्या आसपास दहा मिनिटं उतरून पाय मोकळे करा.

आग्रह : खरी परीक्षा इथे आहे

सोलापूरच्या घरात शिरलं की पाणी हातात यायच्या आधी "जेवलीस का?" येतं. आमच्या गल्लीत मराठीइतकीच कानडी आणि तेलुगू बोलली जाते. शेजारच्या आजी अजूनही फाटकातूनच "ऊटा आयता?", म्हणजे कानडीत "जेवण झालं का?", असं विचारतात. त्या प्रश्नामागचं प्रेम नाकारायचं नाही, आणि नाकारूही नये. पण प्रत्येक प्रश्नाला एक ताट हे उत्तर असायला हवं असं नाही.

मला उपयोगी पडलेली सगळ्यात मोठी युक्ती साधी आहे. पहिल्या वाढीला निम्मंच घ्यायचं. एरवी जिथे दोन भाकऱ्या खाता तिथे एक, वाटीभर भाजीच्या जागी अर्धी वाटी. मग काकू वाढायला येते आणि म्हणते, "अगं घे की अजून, काय होतंय तेवढ्यानं!" तेव्हा खुशाल "हो" म्हणा. तिचं मन राखलं जातं आणि पोटात नेहमीएवढंच जातं. ज्याने पहिल्याच वाढीला पोट भरलं त्याच्याकडे आग्रहाला जागाच उरत नाही. मग एकतर तो वाढणाऱ्याला दुखावतो किंवा स्वतःला.

दुसरं, "मी डाएटवर आहे" असं पंगतीत सांगू नका. घरातल्या मोठ्यांना ते "तुमचं जेवण मला चालत नाही" असं ऐकू येतं, किंवा मग "तुला काही झालंय का?" अशी काळजी सुरू होते. त्याऐवजी ज्यांचा शब्द घरात चालतो त्या एका व्यक्तीला, आमच्याकडे आईला, पहिल्याच दिवशी एकटीला गाठून खरं काय ते सांगा. मी आईला म्हटलं, "तुझ्या हातचं सगळं खाणार आहे, फक्त एका वेळी थोडं. माझे गुडघे दुखायचे, ते आता थांबलेत." गुडघ्याचं ऐकल्यावर ती स्वतःच काकूला सांगायला लागली, "तिला हळू वाढा गं."

तिसरं, वाढायला उठा. पहिल्या पंगतीला वाढणाऱ्यांत असलं की हातात काम असतं आणि समोर भरलेलं ताट नसतं. नंतर बसाल तेव्हा सावकाश खा. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि पंगतीतल्या गप्पा त्या वेळासाठी उत्तम.

ताटात टाकून द्यायचं मात्र नाही. आपल्याकडे ते बरं दिसत नाही आणि बरोबरही नाही. म्हणूनच घेतानाच कमी.

सोलापुरी ताट तुमच्या बाजूचं आहे

इथलं रोजचं जेवण वजन सांभाळणाऱ्याच्या विरोधात नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी किंवा डाळ-कांदा, दही, कच्चा कांदा, काकडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मालदांडी जातीच्या ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीची चव शहरात पिठाच्या पाकिटातून येत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १७५ कॅलरी, आणि तिला तेल लागत नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या तरी घाबरू नका.

हिशोब बिघडतो तो भाकरीच्या शेजारी. शेंगाचटणी म्हणजे भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, आणि कुटता कुटता सुटलेलं दाण्यांचं तेल. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ५६५ कॅलरी असतात. एक मध्यम चमचा, म्हणजे १५ ग्रॅम चटणी धरली तर ८० कॅलरी. एवढ्याने काही बिघडत नाही, उलट प्रथिनं मिळतात. पण आपण चटणी अशी मोजून घेत नाही. तीन चमच्यांचा ढीग आणि त्यावर चमचाभर कच्चं तेल ओततो. चटणीचे २४० आणि तेलाचे १२० मिळून ३६० झाले, म्हणजे ताटातल्या दोन भाकऱ्यांएवढे, आणि ते खाल्लेत असं वाटतही नाही.

उपाय चटणी सोडण्याचा नाही. तेलाच्या जागी दही घ्या. दोन चमचे घट्ट दह्यात वीसेक कॅलरी. चटणी एकदाच वाढून घ्या, वाटी समोरून उचलून दुसऱ्या टोकाला ठेवा. मला विचाराल तर दह्यातली शेंगाचटणी तेलातल्यापेक्षा जास्त चवदार लागते, तिखटपणा गोल होतो.

कडक भाकरीबद्दल सावध राहा. ती पापडासारखी पातळ आणि वाळलेली, त्यामुळे तीन कधी संपल्या कळत नाही. पाणी उडालेलं असतं, पीठ तेवढंच असतं. नुसती कुरकुरत खाण्यापेक्षा आमटीत किंवा दह्यात चुरून खा. फुगते, पोट भरतं, आणि एकाच भाकरीत भागतं.

शेंगापोळी. शेंगदाण्याचा कूट, गूळ, वरचं पीठ आणि तूप यांचा अंदाज धरला तर एका मोठ्या पोळीत साडेतीनशे ते चारशे कॅलरी सहज होतात. ती भाकरीनंतर गोड म्हणून खाऊ नका. भाकरीच्या जागी खा. शेंगापोळीच्या दिवशी माझं जेवण म्हणजे एक पोळी, एक वाटी मटकीची उसळ, ताक. आमरसाचंही असंच. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात ६० कॅलरी असतात, म्हणजे साखर न घातलेला वाटीभर रस सव्वाशेच्या आत. त्याच्याबरोबरच्या पुऱ्या मात्र दोनावर थांबत नाहीत. आमरस पोळीबरोबर खाल्ला की बराचसा प्रश्न सुटतो.

सकाळच्या नाश्त्याला सुशीला (फोडणीचे भिजवलेले चुरमुरे), उप्पीट, इडली, धपाटे काहीही असू द्या, सोबत प्रथिनांचं काहीतरी असावं : दोन उकडलेली अंडी, वाटीभर मोड आलेले मूग किंवा दही. नुसत्या चुरमुऱ्यांवर अकरा वाजता पुन्हा भूक लागते आणि मग डबे उघडले जातात.

घरोघरचा चहा आणि बशीतला चिवडा

सुट्टीत भेटीगाठी असतातच. एका दुपारी चार घरी गेलात की चार चहा. कपात दोन चमचे साखर धरली तर आठ चमचे, म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असलेली उत्तम. म्हणजे संध्याकाळच्या आतच मर्यादा ओलांडली.

पहिल्या घरी चहा घ्या. दुसऱ्या घरी आधीच सांगा, "काकू, ताक असेल तर द्या ना." सोलापूरच्या उन्हात ताक मागितलेलं कुणाला खटकत नाही, उलट आवडतं. चिवड्याच्या बशीतून थोडासा स्वतःच्या हाताने वेगळा काढून घ्या आणि बशी पुढे सरकवा. बोलता बोलता समान बशीतून खाल्लेलं कधीच मोजलं जात नाही.

मुलांना या सगळ्यात ओढू नका. वाढत्या वयाच्या मुलीसमोर स्वतःच्या पोटाबद्दल वाईट बोलणं मी जाणीवपूर्वक बंद केलं आहे.

पार्क चौपाटी आणि मामीकडचं मटण

बाहेर खायचं असेल तर उपाशी जाऊ नका. संध्याकाळी सहाला घरून एक वाटी दही-काकडी किंवा मूठभर भाजलेले हरभरे खाऊन निघा. पार्क चौपाटीला, म्हणजे सोलापुरातल्या खाण्याच्या गाड्यांच्या जागी, आधी एक पूर्ण फेरी मारा, सगळं बघा, मग एकच पदार्थ निवडा. आम्ही चौघं चार वेगळे पदार्थ घेतो आणि प्रत्येकाचे दोन घास एकमेकांना देतो. चव सगळ्याची मिळते, पोटात एका प्लेटएवढंच जातं.

मटणाच्या रश्शावरची तर्री डाव बुडवण्याआधी थोडी बाजूला सारा आणि खालून रस्सा घ्या. एक मोठा चमचा तेल बाजूला राहिलं तरी सव्वाशे कॅलरी वाचल्या. मटणाचे तुकडे जास्त, रस्सा बेताचा, भाकरी दोन, कांदा-लिंबू भरपूर. यादीतला पदार्थ आहे, त्यामुळे मन मारू नका. त्या दिवशी सकाळचं जेवण हलकं ठेवा : डाळ, पालेभाजी, एक भाकरी.

हुरडा आणि वेळ अमावस्या

हिवाळ्यात जाणार असाल तर शेतावरचं बोलावणं येणारच. हुरडा म्हणजे ज्वारीची कोवळी कणसं, गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळून काढलेले गरम दाणे. त्यात वाईट काहीच नाही. अडचण अशी होते की हुरड्याबरोबर शेव, रेवड्या, गूळ, ऊस, बोरं, चटणी असं सगळं चालतं आणि वर दुपारी दोनला पिठलं-भाकरीचं पूर्ण जेवण. हुरडा हेच जेवण समजा. दही आणि चटणीबरोबर पोटभर खा, शेव-रेवड्यांकडे पाठ करून बसा, आणि दुपारच्या पंगतीत फक्त ताक घ्या.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येचं ताट तर मला आहारशास्त्राच्या दृष्टीनेही भारी वाटतं. ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. आधी आंबील प्या, मग भज्जी दोनदा घ्या, उंडे बेताने, आणि गव्हाची खीर एक वाटी. त्या दिवशी शेतात फिरणंही होतं.

चालणं : मेमध्ये पहाटे, जानेवारीत यात्रेबरोबर

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात जातो. दुपारी व्यायामाचा विचारही करू नका. साडेपाचला उठून सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने चाला, देवळात दर्शन घ्या, भुईकोट किल्ल्याच्या कडेने परत या. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला राहात असाल तर धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, जवळ पडतो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरतं, म्हणजे रोज २२ मिनिटं. सोबतीला कुणाला तरी घ्या. मी बाबांना घेते, त्यांच्याशी निवांत बोलणं वर्षात त्याच वेळी होतं.

जानेवारीत वेगळं काही करायची गरज पडत नाही. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तिच्याबरोबर काही अंतर चाललात तरी दिवसाचं चालणं होतं. संध्याकाळी होम मैदानावरचा गड्डा पायीच फिरायचा असतो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला जाणार असाल तर गाडी थोडी लांब लावा. अन्नछत्रातला महाप्रसाद हे त्या दिवसाचं मुख्य जेवण धरा, आणि परतताना ढाब्यावर थांबू नका.

साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेत असाल तर "रात्री जास्त खायचंय म्हणून दुपारी उपास" हे कधीही करू नका. यात्रेत, उन्हात, जास्त चालल्यावर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, गरगरणं ही त्याची लक्षणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि सावरल्यावर काहीतरी खा. निघण्यापूर्वी डोसबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

एखादा दिवस हातातून गेला तर

जाईलच. लग्न निघेल, कुणाचं बारसं असेल, रात्री बाराला भावंडं कुल्फी आणतील. त्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी उपाशी राहून करू नका. उपासानंतरची भूक आदल्या दिवसापेक्षा मोठा खड्डा पाडते. पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या, पहाटे चालायला जा, पाणी प्या, रात्री वेळेवर झोपा. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, विशेषतः गोडाची. सुट्टीतल्या रात्रभरच्या गप्पांचा हा हिशोब कुणी मांडत नाही. एक दिवस गेला तर गेला, सलग तीन जाऊ द्यायचे नाहीत एवढं पाहा.

परत आल्यावर

पहिले सात दिवस काट्यावर उभं राहू नका. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण माझे दोन महिने त्या एका सोमवारने खाल्ले. आल्या दिवशीच नेहमीचं सामान भरा, दुसऱ्या सकाळी चालायला जा, जेवण नेहमीच्या वेळेला. आठव्या दिवशी उपाशीपोटी वजन करा, कंबर मोजा, आणि निघतानाच्या आकड्यांशी तुलना करा. किलोभर जास्त असेल तर अर्धा किलो आठवड्याला या बेताच्या गतीने दोन-तीन आठवड्यांत उतरतं.

राहता राहिला माहेरून आलेला डबा. काकू निघताना अर्धा किलो शेंगाचटणी बांधून देतेच, आणि मी ती आनंदाने आणते. घरी आल्यावर तिचे पाच छोटे डबे करते, चार फ्रीजमध्ये मागे ठेवते आणि एकच ओट्यावर. त्या डब्यात मुद्दाम लहान चमचा ठेवलेला असतो. दिवसाला १५ ग्रॅम म्हटलं तर अर्धा किलो चटणी मला एकटीला महिनाभर पुरते, आणि ती संपत येते तोवर आईचा फोन आलेला असतो, पुढच्या खेपेला काय करून ठेवू म्हणून.